युद्धात बंदी, मोर्चावर परवानगी

(भातसानगर येथे शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या महिला मंडळांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाणी, रेशन, वनहक्काचे दावे एवढे प्रश्न समोर असताना ही बाई रासायनिक अस्त्रांचं काय सांगत बसली, असं तुमच्यापैकी काहीजणींना वाटलं असेल. पण आपण ज्या धरणाशेजारी बसलो आहोत त्याचं पाणी मुंबईला जातं, आणि ह्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. म्हणून आपण हंडे घेऊन तहसील कचेरीवर जातो. मुरबाडमध्ये काळू धरणाच्या विरोधात आदिवासी आणि शेतकरी उभे राहिले. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्या धरणाचं काम थांबवलं, त्यामागे ती चळवळ होती. अशा प्रत्येक मोर्चात पहिल्या रांगेत बाया असतात. मग पहिल्या रांगेवर काय येऊन पडू शकतं आणि कायदा त्याला कुठे अडवतो, हे पहिल्या रांगेतल्या बाईला माहीत असायला हवं.

आधी युद्धाचं बोलू. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच, १९१४ मध्ये, फ्रेंच सैन्याने डोळ्यांना झोंबणारा वायू वापरला. तो जीव घेणारा नव्हता. पण एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला आणि माणसं गुदमरून मेली. त्याच आघाडीवर काही दिवसांत आपल्याकडचे शिपाईही वायूला सामोरे गेले. पुढे फॉस्जीन आला, मस्टर्ड वायू आला. युद्धानंतर, १९२५ मध्ये, जिनिव्हात करार झाला आणि युद्धात विषारी वायू वापरायला बंदी आली. भारताने तो १९३० मध्ये मान्य केला. पण त्या कराराने वायू बनवायला, साठवायला मनाई केली नव्हती. १६ मार्च १९८८ रोजी इराकच्या फौजांनी हलब्जा ह्या कुर्द गावावर रासायनिक हल्ला केला. हजारो माणसं मेली. त्यांत बाया आणि पोरं फार होती.

१९९३ मध्ये रासायनिक अस्त्रबंदीचा नवा करार सह्यांसाठी खुला झाला. भारताने लगेच सही केली, १९९६ मध्ये मान्यता दिली आणि २९ एप्रिल १९९७ पासून तो लागू झाला. तेव्हा भारताने आपल्याकडे मस्टर्डचा हजार टनांहून जास्त साठा असल्याचं जाहीर केलं. तो साठा २००९ पर्यंत नष्ट करण्यात आला. करार अंमलात आणायला आपल्या संसदेने २००० साली स्वतंत्र कायदा केला आणि तो २००५ पासून लागू आहे.

आता आपल्या कामाचा मुद्दा. ह्या करारात 'दंगल-नियंत्रक रसायन' अशी एक वेगळी व्याख्या आहे. ज्याने माणसाच्या डोळ्यांची, नाकाघशाची चटकन आग होते किंवा माणूस हतबल होतो, आणि संपर्क संपल्यावर थोड्या वेळात तो परिणाम जातो, ते हे रसायन. आपला अश्रुधूर ह्यात येतो. करार म्हणतो, युद्धाचं साधन म्हणून हे वापरायचं नाही. पण कायदा-सुव्यवस्था राखण्यासाठी, देशातली दंगल आवरण्यासाठी वापरता येईल.

म्हणजे सीमेवरच्या सैनिकाने शत्रूच्या सैनिकावर जे फोडायचं नाही, ते तहसील कचेरीसमोर आपल्यावर फोडता येतं. ऐकायला विचित्र वाटतं ना? त्यामागचं कारण समजून घेऊ. रणांगणावर धूर दिसला की तो साधा आहे की जीवघेणा, हे समोरच्याला कळत नाही. तो जास्त भयंकर वायूने उत्तर देतो. दुसरं, व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने अश्रुधूर वापरला तो भुयारांत, खंदकांत लपलेल्यांना बाहेर काढायला. बाहेर आलेल्यांवर मग गोळ्या आणि बॉम्ब. जीव वाचवणारं म्हणून मिरवलेलं साधन जीव घ्यायला मदत करत होतं. तरी १९७५ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या आदेशात एक पळवाट ठेवली गेली. शत्रू जिथे सामान्य नागरिकांची ढाल करतो तिथे अश्रुधूर चालेल, कारण त्याने नागरिकांचे प्राण वाचतात, असा युक्तिवाद. बायामुलांच्या नावाने काय काय खपवलं जातं, हे आपल्याला नवीन नाही.

हा प्रश्न आजही संपलेला नाही. युक्रेनच्या युद्धात खंदकातून आणलेल्या हातबॉम्बच्या आणि मातीच्या नमुन्यांत सीएस हा अश्रुधूर सापडल्याचं कराराची देखरेख करणाऱ्या संघटनेने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं. आणि २००२ मध्ये मॉस्कोच्या नाट्यगृहात ओलिसांना सोडवायला रशियाने गुंगी आणणारं औषध हवेत सोडलं, त्यात शंभराहून अधिक ओलीस मेले. तेही 'कायदा राखण्याच्या' नावाखालीच. २०२१ मध्ये करारातल्या देशांनी बहुमताने ठरवलं की मेंदूवर परिणाम करणारी अशी रसायनं हवेत सोडणं कायदा राखण्याच्या सवलतीत बसत नाही.

म्हणजे देशांतर्गत सवलतही मोकळी नाही. करारच सांगतो की रसायनाचा प्रकार आणि प्रमाण त्या कामाला साजेसं हवं. कोणतं रसायन बाळगतो हे सरकारने जाहीर करायचं. आणि आपल्या देशाचा कायदा वेगळ्या अटी घालतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२९ होतं. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८ आहे. आधी दंडाधिकाऱ्याने किंवा पोलिस अधिकाऱ्याने जमावाला पांगण्याचा हुकूम द्यायचा. जमाव पांगला नाही, किंवा पांगणार नाही असं त्याच्या वागण्यातून दिसलं, तरच बळ. लष्कर बोलवायचं तर कलम १४९. तिथे तर स्पष्ट लिहिलंय की जमाव पांगवण्यापुरतंच, कमीत कमी बळ वापरायचं आणि कमीत कमी इजा करायची.

२०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनिता ठाकूर यांच्या खटल्यात निकाल दिला. २००७ मध्ये जम्मूत कटरा इथे विस्थापितांच्या मोर्चावर पोलिसांनी बळ वापरलं होतं. आंदोलकांनी दगडफेक केली हेही न्यायालयाने नोंदवलं. पण परिस्थिती ताब्यात आल्यावरही पोलिस मारत राहिले, ते बळ जादा होतं, असं म्हणून भरपाई द्यायला लावली. हे लक्षात ठेवा. कोणीतरी दगड मारला म्हणून पुढचं सगळं माफ होत नाही.

आपल्या राज्यात काय घडलं? १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला उपोषणाच्या जागी लाठ्या चालल्या, अश्रुधुराची नळकांडी फुटली. बायाही जखमी झाल्या. पोलिसांचं म्हणणं होतं की त्यांच्यावर दगडफेक झाली. तीन दिवसांनी उपमुख्यमंत्र्यांनी, त्यांच्याकडेच गृहखातं होतं, जाहीर क्षमा मागितली. मागणीबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, उपोषणाच्या मांडवापाशी हे व्हावं का, हा प्रश्न आपलाच आहे. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये हरियाणाच्या सीमेवर शेतकऱ्यांवर ड्रोनमधून नळकांडी टाकली गेली. वरून टाकणाऱ्याला खाली म्हातारी आहे की लेकुरवाळी, हे काय दिसणार?

'थोड्या वेळात परिणाम जातो' असं व्याख्या म्हणते. कोणाच्या अंगावरून जातो? दमा असलेल्या, पोटुशी असलेल्या बाईच्या? अमेरिकेत पोर्टलंड शहरात २०२० च्या आंदोलनांनंतर दोन हजारांहून अधिक लोकांनी एका पाहणीत माहिती दिली. पाळी येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी पाळीत बदल झाल्याचं सांगितलं. ही आपणहून उत्तरं देणाऱ्यांची पाहणी, तिच्यावरून शेवटचा निष्कर्ष काढता येत नाही. पण बायांच्या शरीराचा प्रश्न आधी विचारला गेला नव्हता, हे त्यातून कळतं.

आता आपण काय करायचं ते सांगते.

धूर आला तर डोळे चोळू नका. वाऱ्याच्या उलट दिशेला, मोकळ्या आणि उंच जागी जा. डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. पदर, कपडे बदला आणि बाळाला पाजण्याआधी अंग धुवा. नळकांडं तापलेलं असतं, त्याला हात लावू नका. मोर्चात दम्याच्या आणि गरोदर बायांना कडेला, बाहेर पडता येईल अशा जागी ठेवा.

दोघीजणी फक्त नोंदीसाठी ठेवा. हुकूम कोणी दिला, किती वाजता, ऐकू आला का, पांगायला किती वेळ मिळाला, धूर मोकळ्या जागी सोडला की घरात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की बाहेर पडायला वाट नसलेल्या बंद जागेत ही रसायनं वापरू नयेत. रिकाम्या नळकांड्यावरचे आकडे आणि साल यांचा फोटो काढा. जखम झाली असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन पोलिस केस म्हणूनच नोंद करायला सांगा आणि कागद मागून घ्या. त्या कागदाशिवाय पुढे आयोगात किंवा कोर्टात आपलं म्हणणं लंगडं पडतं.

अटकेचंही लक्षात ठेवा. १९९७ च्या जूनमध्ये गुहागरच्या वेलदूर गावात, एन्रॉनच्या विरोधात उभ्या राहिलेल्या कोळणींच्या घरांत पोलिस पहाटे शिरले, त्यांना मारलं, पकडून नेलं. आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संघटनांनी ते नोंदवून ठेवलं आहे. आज कायदा सांगतो की सूर्यास्त ते सूर्योदय बाईला अटक नाही. अगदी अपवाद असेल तर महिला अधिकारी हवी आणि तिने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेतलेली हवी.

शेवटी आपल्या मागण्या. ठाणे ग्रामीण पोलिसांकडे कोणती रसायनं आहेत, ती केव्हा वापरली आणि त्या वेळी हुकूम कोणी दिला, हे माहितीच्या अधिकारात विचारू. प्रत्येक वापरानंतर लेखी अहवाल जाहीर व्हावा, बायांच्या तब्येतीची पाहणी व्हावी, असा ठराव आज इथे करू आणि तो जिल्हाधिकाऱ्यांना देऊ. पाण्याच्या अर्जाबरोबरच देऊ, कारण पाण्यासाठी चालत जाणाऱ्या बाईचीच ही गोष्ट आहे.