पेटीकडे परतताना

पेण-रोह्याकडच्या गावांत एकादशीच्या भजनाला दोन टाळकरी कमी आले तर निभावतं. पेटीवाला आला नाही तर मंडळी खोळंबते. त्याच गावांत शाळेच्या वयात पेटी शिकलेली आणि पुढे धाटावच्या कारखान्यांतल्या पाळ्यांत किंवा मुंबईच्या नोकरीत ती मिटून ठेवलेली माणसं असतात. साठीनंतर वाजवण्याची ओढ पुन्हा लागते, पण ‘आता बोटं वळायची नाहीत’ म्हणून ती मागे सरतात. मला वाटतं, बोटांपेक्षा त्यांनी स्वतःला लावलेलं मापच त्यांना अडवतं.

वय झालं म्हणून हात बाद होत नाही. पेणजवळच्या हमरापूर, जोहे इथल्या मूर्तींच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडे सोपवतात. त्या हाताचा सराव तुटलेला नसतो, असं कुणी म्हणेल, आणि ते रास्तच आहे. पण 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पियानो न येणाऱ्या प्रौढांनी पाच दिवस, रोज दोन तास, पाच बोटांचा एकच पाठ गिरवला, तेवढ्यात बोटं हलवणारा मेंदूतला भाग विस्तारलेला दिसला. 2007 सालच्या दुसऱ्या अभ्यासात साठ ते पंच्याऐंशी वयाची माणसं सहा महिने पियानो शिकली आणि त्यांची एकाग्रता व स्मरण सुधारलं. यातून तरुणपणीचा वेग परत येतो असं ठरत नाही. हात नव्याने शिकतो, एवढं मात्र ठरतं.

घोटाळा सुरुवातीलाच होतो. माणूस जिथे थांबला होता तिथूनच, त्याच द्रुत लयीत उचलू पाहतो, अडखळतो आणि चार दिवसांत पेटीवर पुन्हा कापड पडतं. अलंकार विलंबित लयीत घोटावेत, बुवांची पट्टी ओळखावी, चाल मागून उचलावी, ओळ सुटली तरी भाता थांबू देऊ नये; भजनाला लागतं ते हेच. ही तर साथ झाली, वादन कुठे, असं जाणकार विचारतील. ही नापसंती पेटीला नवी नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही म्हणून नभोवाणीने 1940 साली पेटीला दार बंद केलं, ते थेट 1971 पर्यंत. त्या तीन दशकांत देवळांतल्या साथीने पेटी गावोगाव जिवंत ठेवली. साथीला कमी लेखायचं कारण मला दिसत नाही. भजनी मंडळांनीही अशा माणसाला गणपतीच्या गर्दीत नव्हे, एरवीच्या एखाद्या एकादशीला गजरापुरतं पेटीवर बसवावं. गजरात एकच ओळ फिरत राहते. पहिल्या फेरीत चुकलेला सूर चौथ्या फेरीपर्यंत सापडतो.