धंदा, नीती आणि आपले मन
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा सारांश)



आजचा विषय धंदा आणि नीती. काहींना वाटेल, आपण कुठे कारखानदार? पण आपल्या वस्तीत आज किराणा दुकान आहे, रिक्षा आहे, बांधकामाचा ठेका आहे. आपली मुले बँकेत, विमा कंपनीत कामाला आहेत. तेव्हा हा प्रश्न आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेला आहे.

लबाडी करणारा माणूस मुळातच वाईट, असे आपण सहज म्हणतो. असे म्हटले की आपण सुटलो! पण बरीचशी लबाडी साध्या, संसारी माणसांच्या हातून होते. ती मनात शिरते तीन वाटांनी.

पहिली वाट, 'एवढ्याने काय होते?' हैदराबादच्या सत्यम कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कबुली दिली. हिशेबात दाखवलेली ५,००० कोटींहून जास्त शिल्लक प्रत्यक्षात नव्हतीच. खरा नफा आणि दाखवलेला नफा यांतला फरक आधी किरकोळ होता, मग वाढतच गेला, वाघावर बसलो पण उतरता येईना, अशा अर्थाचे त्यांनीच लिहिले. २०१५ साली न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. दांडी मारणारा दुकानदारही पहिल्या दिवशी थोडीच मारतो. ती पचते, मनाला सवय होते, आणि पहिले खोटे झाकायला दुसरे लागते.

दुसरी वाट, 'वरून हुकूम आहे.' १९६१ साली अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी प्रयोग सुरू केले. उत्तर चुकले की पलीकडच्या माणसाला विजेचा झटका द्यायचा, दर वेळी आधीपेक्षा मोठा. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. पहिल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. कोणी घामाघूम झाले, कोणी थरथरले, पण साहेब 'चालू ठेवा' म्हणाले म्हणून बटण दाबत राहिले.

तिसरी वाट, 'टार्गेट आहे, आणि सगळेच करतात.' वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेत एकेका ग्राहकाच्या गळ्यात आठ-आठ योजना मारण्याचा आग्रह होता. नोकरी टिकवायची म्हणून कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ साली बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे ५,३०० लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

या तिन्ही वाटांवर मन आणखी एक युक्ती करते. ते गोड शब्द शोधते. लाच म्हणजे 'चहापाणी', खोटे बिल म्हणजे 'ॲडजस्टमेंट'. नाव बदलले की टोचणी कमी होते.

मग उपाय काय? बुद्धांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला वेगळे स्थान दिले. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे सांगितले. म्हणजे पोट भरण्याची रीत हा धम्माचाच भाग झाला. आपण रोज दोन गोष्टी करू या. केलेल्या कामाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारू या. आणि मनाला विचारू या, हा पैसा कसा आला ते रात्री जेवताना मुलांना सांगता येईल का?

भगिनींनो आणि बंधूंनो, घरचा दाबही कमी नसतो. 'शेजारच्यांनी गाडी घेतली, तुम्ही काय केलंत?' हे वाक्यही माणसाला त्या वाटेला लावते.

मिलग्रॅम यांच्याच दुसऱ्या एका प्रयोगात सोबतचे दोघे मध्येच उठले आणि म्हणाले, आम्ही हे करणार नाही. तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. माणसे तशाच प्रकारची होती, फक्त सोबत बदलली होती. संघाची गरज ती हीच. उद्या आपल्या एखाद्या मुलाने खोट्या कागदावर सही नाकारली आणि त्याची नोकरी गेली, तर आपण त्याला 'अव्यवहारी' म्हणणार, की दोन महिने त्याच्या घरचे रेशन भरणार? त्याची नीती टिकेल की नाही, हे पुष्कळसे आपल्या या उत्तरावर अवलंबून आहे.