हाताची किंमत कोण ठरवतो?

(जिल्हा मेळाव्यात एका वकिलाने केलेले भाषण)



अपघातात हातपाय गमावलेल्यांचा वकील म्हणून तुम्ही मला इथे बोलावले. पण सुरुवातीला मी त्यांच्या बाजूला नव्हतो, समोरच्या बाजूला होतो. ते आधी सांगतो.

वकिली सुरू करून पाच-सहा वर्षे झाली होती. धुऱ्याची भांडणे, वाटणीचे दावे, मारामाऱ्या, यावरच तालुक्याच्या वकिलाचे पोट चालते. एक दिवस एक कास्तकार आला. त्याच्या मळणी यंत्रात ज्वारीची कणसे टाकताना एका मजूर बाईचा उजवा हात मनगटापासून तुटला होता. तिने तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली अर्ज केला होता. ट्रॅक्टरने किंवा विजेच्या यंत्राने होणारे शेतीकाम त्या कायद्यात येत होते, हे माझ्या पक्षकाराला माहीत नव्हते. खरे सांगतो, मलाही नव्हते.

त्या कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. अंगठा गेला तर 30 टक्के, पंजा गेला तर 60 टक्के. बाजार समितीच्या फळ्यावर कापसाचा भाव लिहितात, तसा माणसाच्या अंगाचा भाव! तो तक्ता हातात धरून मी बाईची उलटतपासणी घेतली. विचारले, "डावा हात शाबूत आहे ना? मग कापूस वेचता येत नाही का?"

ती म्हणाली, "वकीलसायेब, एका हातानं बोंड धरा लागते, दुसऱ्यानं कापूस ओढा लागते. तुम्ही एका हातानं वेचून दाखवा."

कोर्टात लोक हसले, मीही हसलो. 60 टक्क्यांवर निकाल झाला, पक्षकार खूश. रात्री घरी आईला विचारले. जन्मभर तिने कापूस वेचलेला. ती एवढेच म्हणाली, "त्या बाईले आता रोजानं कोण सांगन?"

काही महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी पुस्तके चाळताना सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 1975 चा एक निकाल सापडला. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. नुकसान अंशतः आहे, असे मालकाचे म्हणणे. न्यायालयाने सांगितले, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान पूर्ण, शंभर टक्के. हा निकाल बाईच्या वकिलाने दाखवला नाही, आणि मी तर शोधलाच नव्हता. तिला चाळीस टक्के कमी मिळाले ते माझ्या हुशारीने नव्हे, आम्हा दोघांच्या अज्ञानाने. तेव्हापासून मी बाजू बदलली. फी कमी झाली, हे लपवत नाही.

मोटार अपघातातही हेच तत्त्व आहे. ऑक्टोबर 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की डॉक्टरच्या दाखल्यावरची टक्केवारी म्हणजे कमाईचे नुकसान नव्हे. हात गेलेला ड्रायव्हर आणि हात गेलेला सरकारी कारकून यांचे नुकसान सारखे नसते. आधी त्या माणसाचे काम पाहा. म्हणून मी न्यायाधिकरणापुढे फक्त डॉक्टर उभा करत नाही. डवरणी कशी होते, औत कसे धरतात, हे सांगायला शेजारचा कास्तकारही उभा करतो.

तुटलेल्या विजेच्या तारांची प्रकरणे तर तुमच्या रोजच्या ओळखीची. वाऱ्याने तार पडली, आमचा दोष नाही, हे उत्तर मी कितीदा ऐकले! जानेवारी 2002 मध्ये मध्य प्रदेश विद्युत मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा रस्ता बंद केला. रात्री सायकलवरून घरी जाणारा कामगार रस्त्यावरच्या जिवंत तारेने मेला. कोणी तरी वीज चोरली, त्याची ती तार, असे मंडळ म्हणाले. न्यायालय म्हणाले, इतकी धोक्याची वस्तू जो चालवतो, त्याची जबाबदारी चूक सिद्ध न होताही राहते. तेव्हा तार पडून कोणी भाजले, तर पोलिसांचा पंचनामा होऊ द्या आणि विद्युत निरीक्षकाकडे लेखी कळवा. त्याआधी तार गुंडाळून नेऊ देऊ नका. पण तुम्हीही तिला हात लावू नका.

आता तुम्हाला न आवडणारे बोलतो. विजेच्या दाव्यात तुम्ही अर्जदार असता, मळणी यंत्राच्या दाव्यात तुम्ही सामनेवाले. मळणी यंत्रांत हात जातात म्हणूनच 1983 साली संसदेने धोकादायक यंत्रांचा कायदा केला. तरी कणसे टाकायच्या तोंडावरचे झाकण काढून काम करणारे कास्तकार मी पाहिले आहेत. काम लवकर उरकते म्हणतात. ट्रॉलीत वेचणाऱ्या बाया भरून नेता, ती उलटली तर विमा कंपनी बहुधा हात वर करते, आणि अनेकदा न्यायालय तिचे ऐकते. मग भरपाई तुमच्या सात-बाऱ्यावर येते. विम्याच्या कागदावर काय लिहिले आहे ते हंगामाआधी कोणाकडून तरी वाचून घ्या.

आणि वेळ दवडू नका. 1 एप्रिल 2022 पासून मोटार अपघाताच्या अर्जाला कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्यावर सर्वोच्च न्यायालयात वाद चालला, पण त्या भरवशावर बसू नका. दवाखान्यातून सुट्टी मिळाली की केसपेपर, औषधांच्या पावत्या आणि पंचनाम्याची नक्कल एका पिशवीत घालून या. पेरणी होऊ द्या मग पाहू, असे म्हणणारे माझ्याकडे दिवाळीनंतर येतात.