शेवटून मोजताना

मराठी शुद्धलेखन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘उपान्त्य’ अक्षर ओळखावयास सांगितले जाते. ‘वीट’ हा शब्द दोन अक्षरांचा, ‘वकील’ तीन अक्षरांचा. पण दोहोंतील दीर्घ ईकार शेवटून दुसऱ्या अक्षरावरच येतो. शब्द लहान असो वा मोठा, शेवटून मोजले म्हणजे नियम एकच राहतो.

संगणकाच्या भाषा रचणाऱ्यांपुढेही हीच गरज उभी राहिली. या भाषांतील बहुतेकींत यादीचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात. चाळीस नावांच्या यादीतील शेवटचे नाव हवे असल्यास यादीची लांबी विचारून तीतून एक वजा करावा लागतो. म्हणजे क्रमांक ३९. गुइडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पायथन भाषेत याहून सोपी वाट आहे. तेथे उणे एक म्हणजे शेवटचा घटक आणि उणे दोन म्हणजे उपान्त्य.

परंतु या सोयीतच एक धोका दडलेला आहे. एखाद्या मजकुरात अमुक अक्षर कोठे आहे, हे विचारण्यासाठी त्याच भाषेत ‘फाइंड’ नावाची आज्ञा आहे. अक्षर सापडले नाही, तर तिचे उत्तर असते उणे एक! ते न तपासता कोणी क्रमांक म्हणून वापरले, की ‘सापडले नाही’ याचा अर्थ ‘शेवटचे’ असा होऊन बसतो. यंत्र थांबत नाही, तक्रार करीत नाही. भलतेच अक्षर बिनदिक्कत हाती ठेवते. गैरहजर मुलाचे नाव पुकारावे आणि शेवटच्या बाकावरील मुलाने ‘हजर’ म्हणून उत्तर द्यावे, तसाच हा प्रकार. पट पूर्ण दिसतो आणि उणीव कोणाच्याच ध्यानात येत नाही.

यावर इतर भाषांनी निरनिराळे उपाय केले. रस्ट भाषेत यादीला उणे क्रमांक मुळी चालतच नाही. सी-शार्प भाषेने २०१९ साली शेवटून मोजण्यासाठी अंकाआधी हंसपदासारखे स्वतंत्र चिन्ह योजले. हंसपद आणि एक म्हणजे शेवटचा घटक. हिशेब चुकून निघालेला उणे एक मात्र चूकच ठरतो आणि काम तेथेच थांबते.

जाणून-बुजून शेवटून मोजणे वेगळे आणि वजाबाकी चुकून शून्याखाली घसरणे वेगळे. या दोहोंना एकच खूण दिली, तर यंत्राने त्यांतील भेद ओळखावा तरी कसा? तो ओळखण्याची जबाबदारी मग आज्ञा लिहिणाऱ्या माणसावरच येऊन पडते.