उशाशी बसणाऱ्यांचा विचार कोण करणार?



तळोज्याच्या कारखान्यांतील मजुरीचे प्रश्न आपण वर्षानुवर्षे मांडत आलो. आज ज्या श्रमांविषयी बोलायचे आहे, त्यांना मजुरी नाही, हजेरीपट नाही आणि संघटनाही नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांचे ते श्रम होत. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातील मुलांचा, वृद्धांचा व आजाऱ्यांचा सांभाळ करणाऱ्या स्त्रिया (वय १५ ते ५९) ४१ टक्के आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. या कामी स्त्रिया दिवसाला सुमारे १४० मिनिटे देतात, पुरुष ७४.

यांना आधार कोणता? कामगार विम्याखालील कामगार स्वतः आजारी पडला, तर त्याला वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कुटुंबाच्या औषधोपचाराचीही सोय आहे. परंतु आईच्या उशाशी बसण्यासाठी तो घरी राहिला, तर त्या दिवसांचा भत्ता नाही. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान निराधाराच्या नावे येते. त्याच्यासाठी रात्री जागवणाऱ्या सुनेसाठी त्यात काही नाही. २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली, पण कंत्राटी कामगाराने ती पार कशी पाडावी, हे सांगितले नाही. शेजारी खारघरला टाटा स्मारकाचे कर्करोग केंद्र आहे. तेथील उपचार संपवून रुग्ण घरी परतला, की उरलेली सारी शुश्रूषा घरच्यांच्याच माथी येते.

केरळ सरकारने ‘आश्वासकिरणम्’ योजनेत शुश्रूषा करणाऱ्याच्याच नावे दरमहा ६०० रुपये ठेवले. रक्कम तुटपुंजी खरी. पण हे काम आहे आणि समाज त्याचे देणे लागतो, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. पनवेल महापालिकेने घरोघर जाणाऱ्या परिचारिकांचे पथक नेमावे. आठवड्यातून काही तास रुग्णाला विश्वासाने सोपवता येईल, असे केंद्र तळोज्यात उघडावे. कामगार विम्यात शुश्रूषेसाठी भत्त्यासह रजा मिळावी. आणि हे काम आशाताईंवर फुकट लादले जाऊ नये. त्यांनाच अजून नियमित वेतन नाही.

निवेदन देण्यापूर्वी आपण वस्तीवस्तीत जाऊन अशा घरांची नोंद करू. ज्यांना मोर्चाला येण्याइतकीही उसंत नाही, त्यांच्या दाराशी चळवळीनेच गेले पाहिजे.