मोलाचा खेळाडू : दीर्घ करार की अदलाबदल?

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये, आपला सर्वोत्तम खेळाडू दीर्घ मुदतीचा करार करून टिकवावा, की कराराची मुदत संपण्यापूर्वीच त्याला दुसऱ्या संघाकडे देऊन बदल्यात होतकरू तरुण खेळाडू पदरात पाडून घ्यावेत, हा पेच प्रत्येक संघापुढे कधी ना कधी उभा राहतो. वरवर पाहता तो निव्वळ जमाखर्चाचा वाटतो. प्रत्यक्षात मात्र त्यात मालकाची ऐपत, खेळाडूचे वय, खेळाडूंनी झगडून मिळवलेले हक्क आणि संघाशी पिढ्यान्‌पिढ्या नाते जोडून राहिलेल्या शहराची अपेक्षा, असे अनेक धागे गुंतलेले असतात. प्रस्तुत व्याख्यानात बॉस्टन रेड सॉक्स या संघाने फेब्रुवारी २०२० मध्ये मुकी बेट्स या खेळाडूबाबत घेतलेला निर्णय केंद्रस्थानी ठेवून या पेचाचा विचार केला आहे, आणि ज्या संघाजवळ पैसा आहे त्याने असाधारण खेळाडू हातचा जाऊ देऊ नये, कारण असा खेळाडू देऊन त्याच्या तोलामोलाचे काही परत मिळवता येत नाही, असे त्यातील प्रतिपादन आहे.

हा पेच मुळात निर्माण कसा झाला, हे आधी पाहणे आवश्यक आहे. १९७५ सालापर्यंत तो अस्तित्वातच नव्हता, कारण खेळाडूंच्या करारात ‘राखीव कलम’ नावाची एक तरतूद असे, आणि तिच्या आधारे संघ खेळाडूचा करार दरवर्षी एकतर्फी पुढे चालवू शके. खेळाडूने खेळणेच सोडले, किंवा संघाने त्याला विकले अथवा मोकळे केले, तरच तो त्या संघातून सुटत असे. सेंट लुईस कार्डिनल्सच्या कर्ट फ्लड या खेळाडूने १९६९ मध्ये फिलाडेल्फियाला झालेली आपली रवानगी नाकारून न्यायालयाचे दार ठोठावले. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये निकाल त्याच्या विरोधात दिला आणि त्याची कारकीर्दही त्या लढ्यात संपली, परंतु त्याने उपस्थित केलेला प्रश्न मात्र मिटला नाही. डिसेंबर १९७५ मध्ये अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन गोलंदाजांच्या प्रकरणात पीटर साइट्झ या लवादाने राखीव कलमाचा तोपर्यंतचा अर्थ अमान्य केला, आणि पुढील वर्षीच्या सामूहिक करारातून आज चालू असलेली व्यवस्था उभी राहिली. या व्यवस्थेत खेळाडू पहिली सहा वर्षे मूळ संघाकडे बांधलेला असतो. त्यांपैकी साधारणपणे पहिली तीन वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो, पुढील तीन वर्षे त्याचे वेतन वाटाघाटीने आणि गरज पडल्यास लवादामार्फत ठरते, आणि सहा वर्षे भरल्यानंतर तो ‘मुक्त खेळाडू’ होतो, म्हणजे कोणत्याही संघाशी स्वतःच्या अटींवर करार करू शकतो.

आयपीएलच्या परिचयामुळे मराठी वाचकाला येथे एक भेद चटकन लक्षात येईल. तेथे दर काही वर्षांनी होणाऱ्या मोठ्या लिलावात संघ जवळजवळ नव्याने बांधले जातात, त्यामुळे एखादा खेळाडू पुढील दहा-बारा वर्षांसाठी हवा की नको, असा प्रश्न संघापुढे येतच नाही. बेसबॉलमध्ये तो येतो, आणि एकदा दिलेल्या उत्तराचे ओझे दशकभर वाहावे लागते.

मुकी बेट्सला बॉस्टनने २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, पाचव्या फेरीत घेतले होते. २०१४ मध्ये तो मुख्य संघात आला, आणि २०१८ मध्ये त्याने ०.३४६ या सरासरीने अमेरिकन लीगमधील फलंदाजीचे अग्रस्थान मिळवले, सर्वात मोलाच्या खेळाडूचा किताब जिंकला, आणि त्याच वर्षी बॉस्टनने १०८ सामने जिंकून पुढे वर्ल्ड सीरिजवरही, म्हणजे हंगामाच्या अंतिम विजेतेपदावरही, नाव कोरले. बेसबॉलच्या संख्याशास्त्रात खेळाडूचे मोल मोजण्यासाठी एक माप सर्वत्र वापरले जाते : कनिष्ठ साखळीतून किमान वेतनात सहज मिळू शकेल असा पर्यायी खेळाडू त्या जागी असता तर संघाने जितके सामने जिंकले असते, त्यापेक्षा या खेळाडूमुळे किती अधिक जिंकले, याचा तो अंदाज असतो. सतत मैदानात उतरणाऱ्या चांगल्या खेळाडूचा आकडा एका हंगामात दोन-तीन असतो. २०१८ मधील बेट्सचा आकडा दहाच्या वर होता. फलंदाजी, धावा घेण्यातील चपळाई आणि उजव्या बाजूच्या दूरच्या क्षेत्राचे रक्षण, या तिन्ही अंगांत तो एकाच वेळी अव्वल होता, आणि असा संयोग दुर्मीळ असतो.

२०२० चा हंगाम संपताच बेट्स मुक्त होणार होता. वृत्तपत्रांतून आलेल्या माहितीनुसार बॉस्टनने त्याला दहा वर्षांसाठी ३० कोटी डॉलर देऊ केले होते आणि बेट्सची अपेक्षा बारा वर्षांसाठी ४२ कोटी डॉलरची होती. त्या एका हंगामासाठी त्याचे वेतन २.७ कोटी डॉलर ठरले. दुसरीकडे बॉस्टनवर ‘स्पर्धासंतुलन करा’चा भार होता. श्रीमंत संघांच्या वेतनखर्चाला आवर बसावा म्हणून ठरावीक मर्यादेवरील खर्चावर हा कर आकारला जातो. २०२० मध्ये ती मर्यादा २०.८ कोटी डॉलर होती, आणि सलग वर्षे मर्यादा ओलांडणाऱ्या संघाला पहिल्या वर्षी वरच्या रकमेवर २० टक्के, दुसऱ्या वर्षी ३० टक्के आणि तिसऱ्या वर्षी ५० टक्के दराने कर भरावा लागतो. बॉस्टनने २०१८ आणि २०१९ मध्ये मर्यादा ओलांडली होती. एक वर्ष मर्यादेच्या आत राहिले की दर पुन्हा पहिल्या पायरीवर येतो, हे लक्षात घेऊन हाइम ब्लूम यांच्याकडे सूत्रे असलेल्या नव्या व्यवस्थापनाने बेट्सला आणि त्याच्याबरोबर डेव्हिड प्राइस या महागड्या गोलंदाजाला लॉस अँजेलिस डॉजर्सकडे दिले, प्राइसच्या उरलेल्या वेतनाचा निम्मा भार स्वतःकडे ठेवला, आणि बदल्यात अ‍ॅलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स व कॉनर वाँग हे तीन तरुण खेळाडू घेतले.

या व्यवहारातील खरी कमजोरी प्राइसला बेट्सच्या गाठीस बांधण्यात होती. एकाच सौद्यातून दोन गोष्टी साधायच्या होत्या, एक म्हणजे चांगला मोबदला मिळवणे आणि दुसरी म्हणजे नकोसा खर्च दुसऱ्याच्या गळ्यात घालणे. आणि घेणारा संघ जेव्हा असा खर्च स्वीकारतो तेव्हा तो त्याची किंमत मोबदल्यातून वळती करून घेतो, हे व्यवहारज्ञान असलेल्या कोणालाही सांगावे लागू नये. पुढे जे घडले त्यावरून मोबदल्याचे वजन कळते. डाउन्स बॉस्टनकडून २०२२ मध्ये अवघे १४ सामने खेळला आणि त्याच वर्षअखेरीस संघाबाहेर गेला. व्हर्डुगोने चार हंगाम बरी कामगिरी केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याला न्यूयॉर्क यांकीजकडे धाडण्यात आले. वाँग तेवढा यष्टिरक्षकासारख्या जागेवर, म्हणजे कॅचर म्हणून, टिकला. उलट डॉजर्सने जुलै २०२० मध्ये, बेट्स त्यांच्याकडून एकही अधिकृत सामना खेळण्यापूर्वी, त्याच्याशी बारा वर्षांचा ३६.५ कोटी डॉलरचा नवा करार केला, आणि २०२०, २०२४ व २०२५ या तीन वर्षांत त्यांनी वर्ल्ड सीरिज जिंकली.

बॉस्टनच्या बाजूने दोन युक्तिवाद केले जातात आणि दोन्हींची दखल घेणे न्याय्य आहे. पहिला असा, की बेट्सला मुक्त बाजारातच उतरायचे होते, त्यामुळे त्याला राखून ठेवले असते तरी वर्षअखेरीस तो गेलाच असता. परंतु जुलै २०२० मध्ये, महासाथीमुळे मैदाने प्रेक्षकांविना ओस असताना, त्याने मुक्त होण्याची वाट न पाहता डॉजर्सशी करार केला. त्या परिस्थितीने त्याच्या विचारावर परिणाम केला असेल हे मान्य केले तरी, योग्य रक्कम समोर आल्यास तो सही करतो, एवढे त्यावरून सिद्ध होते. त्याने मान्य केलेली रक्कम बॉस्टनच्या देकाराच्या आणि त्याच्या मूळ मागणीच्या जवळजवळ मधोमध होती, हेही विसरता येत नाही. दुसरा युक्तिवाद वयाचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. खेळाडूची शक्ती तिशीनंतर उतरणीला लागते आणि दीर्घ कराराची अखेरची वर्षे बहुधा तोट्याची ठरतात. लॉस अँजेलिस एंजल्सने डिसेंबर २०११ मध्ये अल्बर्ट पुहोल्सशी केलेला दहा वर्षांचा २४ कोटी डॉलरचा करार याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण होय. मात्र पुहोल्सचा तो करार त्याच्या वयाच्या बत्तिसाव्या वर्षी सुरू झाला, तर बेट्स अदलाबदलीच्या वेळी २७ वर्षांचा होता. करारातील उत्तम वर्षे ज्याच्या बाबतीत अजून शिल्लक होती अशा खेळाडूला, ज्याची ती वर्षे सरली होती त्याच्या मापाने मोजणे हा सरळसरळ चुकीचा हिशेब आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. अदलाबदलीचे समर्थक विजयांची बेरीज करतात : एका खेळाडूचे सात विजय गेले, पण बदल्यात आलेल्या तिघांनी मिळून सात दिले, तर हिशेब जुळला. हा हिशेब कागदावर जुळतो, मैदानावर नाही, कारण बचाव करताना मैदानावर एका वेळी नऊच खेळाडू असतात आणि फलंदाजीच्या क्रमातही नऊच जागा असतात. सात विजय एकाच जागेतून मिळाले तर उरलेल्या आठ जागा आणखी सुधारण्यासाठी मोकळ्या राहतात. तेच सात विजय तीन जागा अडवून मिळाले तर सुधारणेला वाव तेवढाच कमी होतो. शिवाय मध्यम दर्जाचा खेळाडू बाजारात दरवर्षी मिळतो, बेट्ससारखा मिळत नाही. पैशाने जे केव्हाही विकत घेता येते ते घेण्यासाठी, पैशानेही क्वचितच मिळणारे देऊन टाकणे, ही बॉस्टनची चूक होती. आणि ती गरिबीमुळे नव्हे, तर श्रीमंत असूनही झाली, म्हणून ती अधिक खटकते. देशातील मोठ्या बाजारपेठांपैकी एक, स्वतःच्या मालकीचा प्रक्षेपणाचा हिस्सा आणि १९१२ पासून गजबजलेले फेनवे पार्कसारखे मैदान ज्या संघाजवळ आहे, त्याला कराची एक पायरी परवडत नव्हती असे म्हणणे पटण्यासारखे नाही.

ज्यांना खरोखर परवडत नाही, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. क्लीव्हलँडने जानेवारी २०२१ मध्ये फ्रान्सिस्को लिंडोरला न्यूयॉर्क मेट्सकडे दिले, तेव्हा मेट्सने पुढे त्याला दिलेले दहा वर्षांचे ३४.१ कोटी डॉलर देणे त्या संघाच्या आवाक्याबाहेर होते. मोबदल्यात आलेला आंद्रेस हिमेनेझ २०२२ मध्ये निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला आणि संघाने त्या वर्षी ९२ सामने जिंकून आपल्या गटात पहिले स्थान मिळवले. त्याच संघाने २०२२ च्या आरंभी होसे रामिरेझशी सात वर्षांचा १४.१ कोटी डॉलरचा करार केला, आणि क्लीव्हलँडमध्येच राहण्याच्या इच्छेने रामिरेझने बाजारभावापेक्षा बरीच कमी रक्कम स्वीकारली. मर्यादित साधनांच्या संघाने एकाला द्यावे आणि एकाला राखावे, परंतु दोन्ही निर्णय वेळेवर घ्यावेत, याचा हा उत्तम नमुना आहे. वेळ दवडण्याचा परिणाम एंजल्सने दाखवून दिला : जुलै २०२३ मध्ये त्यांनी शोहेइ ओतानीला दिले नाही, उलट नवे खेळाडू आणले, संघ ढेपाळल्यावर ऑगस्टअखेर त्यांतील अनेकांना सोडून दिले, आणि डिसेंबरमध्ये ओतानी ७० कोटी डॉलरच्या करारावर डॉजर्सकडे गेला, तेव्हा एंजल्सच्या हाती ड्राफ्टमधील एक जादा निवड तेवढी उरली.

वेळेवर निर्णय याचा अर्थ अनेक संघांनी, खेळाडू अगदी तरुण असतानाच त्याच्याशी करार करणे, असा घेतला आहे. टॅम्पा बेने २००८ मध्ये इव्हान लॉन्गोरियाशी तो मुख्य संघात येऊन आठवडाही झाला नसताना करार केला, आणि अटलांटाने एप्रिल २०१९ मध्ये रोनाल्ड अकुन्याला आठ वर्षांसाठी १० कोटी, तर ओझी ऑल्बीजला सात वर्षांसाठी ३.५ कोटी डॉलरवर बांधले. यांपैकी ऑल्बीजच्या करारावर तेव्हाच टीका झाली आणि ती योग्य होती. कुटुंबाला आयुष्यभराची निश्चिंती मिळणे ही छोटी गोष्ट नाही. परंतु फ्लड, मेसरस्मिथ आणि मॅकनॅली यांच्या लढ्यातून जो हक्क खेळाडूंना मिळाला, तो एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणाच्या काळजीचा फायदा उठवून स्वस्तात काढून घेणे हे चतुराईचे असले तरी न्यायाचे नाही, आणि अशा करारांची स्तुती करताना हे भान सुटता कामा नये.

बॉस्टनची कहाणी बेट्सपाशी थांबत नाही. २०२२ नंतर संघाचा आणखी एक खेळाडू झँडर बोगार्ट्स मुक्त होऊन सॅन डिएगोला गेला. प्रेक्षकांचा रोष वाढला, आणि जानेवारी २०२३ मध्ये संघाने राफाएल डेव्हर्सशी दहा वर्षांचा ३१.३५ कोटी डॉलरचा करार केला, म्हणजे बेट्सच्या वेळी टाळलेली गोष्ट डेव्हर्सच्या वेळी केली. तथापि २०२५ मध्ये ॲलेक्स ब्रेगमनला आणून डेव्हर्सची तिसऱ्या बेसवरील जागा काढून घेण्यात आली, त्याला केवळ फलंदाजीपुरते ठेवण्यात आले, आणि काही आठवड्यांतच पहिल्या बेसवरील खेळाडू जखमी झाल्यावर पुन्हा त्यालाच ती जागा सांभाळण्यास सुचवण्यात आले. त्याने उघडपणे नकार दिला आणि जूनमध्ये त्याची रवानगी सॅन फ्रान्सिस्कोला झाली, जेथे तो पुढे पहिल्या बेसवरच खेळला. त्या हंगामात बॉस्टन २०२१ नंतर प्रथमच बादफेरीत पोहोचले, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या बाजूने नोंदवली पाहिजे. परंतु जो खेळाडू एका ठिकाणी नकार देतो आणि दुसऱ्या ठिकाणी तेच काम स्वीकारतो, त्याच्या नकाराचे कारण कामात नसून त्याला मिळालेल्या वागणुकीत असण्याचा संभव अधिक. दहा वर्षांचा करार केला म्हणजे दहा वर्षांचे नाते आपोआप निभावले जाते, असे होत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये बॉस्टनने रोमन अँथनी या २१ वर्षांच्या खेळाडूशी, तो मुख्य संघात येऊन जेमतेम दोन महिने झाले असताना, आठ वर्षांचा १३ कोटी डॉलरचा करार केला. त्यापूर्वी त्याच वर्षी गॅरेट क्रोशे या गोलंदाजालाही दीर्घ करार देण्यात आला होता. अँथनीला मिळालेली रक्कम ऑल्बीजच्या मानाने कितीतरी रास्त आहे, आणि कराराचा आरंभही २०२६ पासून होत असल्याने तो २०३३ पर्यंत चालेल. त्यामुळे बेट्सला ज्या वयात फेनवे पार्क सोडावे लागले, ते सत्ताविसावे वर्ष ओलांडल्यानंतरही अँथनी बॉस्टनशी करारबद्ध असेल.