नऊतली एक गेली तर

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की लोणची, भरतकाम नाहीतर मुलांचे संगोपन, हे ठरलेले. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही सॉफ्टबॉलवर बोला." मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, बॅट कधी हातात धरलेली नाही. पण धाकट्या मुलीपायी या खेळातला एक नियम मला असा कळला की जन्मात विसरायची नाही. तेवढाच सांगते.

या खेळात एका बाजूला नऊ जणी, आणि डाव सात. चेंडू खालच्या हाताने टाकतात. नाव सॉफ्टबॉल असले तरी नावावर जाऊ नका. 1887 साली अमेरिकेत शिकागोला बॉक्सिंगचा हातमोजा दोरीने बांधून खेळ सुरू झाला, तेव्हा चेंडू मऊ असेल. आताचा लागला तर हळद-तुरटीने भागत नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मुलीच्या शाळेचा सामना होता. अकरा मुली जायच्या होत्या. एकीला ताप भरला, दुसरी मामेबहिणीच्या लग्नाला गेली. राहिल्या बरोबर नऊ. पाचव्या डावात आमच्या सहा धावा, त्यांच्या चार. आमची मुलगी होमकडे धावत आली, समोरच्या कॅचरने तिला चेंडू लावला आणि पंचांनी बाद दिले. हिला वाटले, आपण आधीच पोचलो होतो. हिने हेल्मेट काढून जमिनीवर आपटले आणि पंचांना एक शब्द बोलली. तो शब्द मी इथे सांगत नाही. पंचांनी हात वर करून तिला मैदानाबाहेर काढले, आणि दोन मिनिटांत सामनाच संपला. कागदावर लिहिले सात-शून्य. आमच्या सहा धावा कुठे गेल्या ते मला कळेना.

मी पदर खोचून पंचांकडे गेले. म्हटले, "एकीची चूक, आठ जणींना शिक्षा का?" त्यांनी मला ओरडून घालवले नाही. पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, बाद की नाही हे आमच्या डोळ्यांचे काम, त्यावर तक्रार चालत नाही. नियम चुकीचा लावला असेल तर तक्रार चालते, पण ती संघाच्या सरांनी करायची, आईने नव्हे."

मग त्यांनी समजावले. खेळाडूला बाहेर काढले की तिच्या जागी राखीव मुलगी येते आणि खेळ पुढे चालतो. काढलेली मात्र त्या सामन्यात परत येत नाही. ती खेळताना सापडली तर त्यापायीही सामना जातो. पहिल्यापासून खेळणारी मुलगी बदलीवर बाहेर बसली असेल तर तिला एकदा परत येता येते, पण फलंदाजीच्या क्रमात तिच्या स्वतःच्याच जागी. आणि राखीव कोणीच नसेल, संघ नऊच्या खाली गेला, तर आंतरराष्ट्रीय नियमाने सामना समोरच्यांना, सात-शून्य. मग कारण राग असो की मोडलेला पाय.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय संघटनेने यात फरक केला आहे. तिथे मुलगी दुखापतीने किंवा दुसऱ्या अडचणीने गेली तर संघाला एक कमी घेऊन खेळता येते. तिची फलंदाजीची पाळी आली की दर वेळी एक बाद मोजतात. पण पंचांनी काढले आणि बदली नसली, तर तिथेही सामना जातोच. मला हा फरक रास्त वाटतो. पाय मुरगळलेल्या पोरीचा काय दोष? काढलेल्या मुलीमागे बाकीच्यांचे नुकसान व्हावे, हे मला अजून पुरते पटलेले नाही. पण ते त्या पंचांच्या हातात नव्हते, एवढे पटले.

त्या रात्री मुलगी जेवली नाही. आमच्या कॅचरची आई शेजारीच राहते, ती पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. हळदीकुंकवालाही आली नाही. मुलीला मी म्हटले, "आठ घरी जाऊन यायचे." दोन घरी मी फाटकापर्यंत सोबत गेले, पुढे ती एकटी गेली. एका घरी दार लावून घेतले. तिथे ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. पंचांना तिने पत्र लिहिले. उत्तर आले नाही, तशी अपेक्षाही नव्हती.

पुढच्या वर्षी शाळेने बारा मुली नेल्या. तिघींचे गाडीभाडे आपल्या मंडळाने दिले, ते गेल्या वर्षीच्या हिशोबात आहे. काहींनी तेव्हा विचारले होते, बाकावर बसायला तिघी कशाला? म्हणून आज हे सांगितले.

कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा. मला नाही आले तर मुलीला विचारून पुढच्या मंगळवारी सांगेन.